आईच्या मरळीचा काटा

माझी आई सात रस्त्याजवळ गाडीवर तळलेली मरळ विकते. कुण्या शहाण्यानं उठवलं, ही मरळ नाहीच, बंदी घातलेला मांगूर मासा आहे! झालं. गाडीकडं गिऱ्हाईक सोडा, माशीसुद्धा फिरकेना.

मी भडकले. आई मात्र स्वतःवरच शंका घेऊ लागली, आणि तेच मला सोसेना. "व्यापारी तुकडं साफ करूनच देतोय की," ती म्हणाली. "ना डोकं, ना कातडं. खरंच मांगूर असला तर? लोकास्नी काय खाऊ घातलं गं मी?" तिनं शेगडी पेटवणंच बंद केलं.

मी तेव्हा प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करत होते. डीएनएवरून मासा कोणता ते ओळखायचं, हाच माझा प्रोजेक्ट. म्हटलं, आई, उरलेल्या मालातला एक तुकडा दे, सोक्षमोक्षच लावते.

सकाळी तिनं डबा दिला, तो न उघडताच मी कॉलेजात पळाले. डबा माझ्या प्रोजेक्टच्या सरांच्या खोलीत ठेवून हातमोजे आणायला गेले. परत येऊन बघते तर काय, सर आणि माझी मैत्रीण बोटं चाटतायत! परक्या लोकांकडं कच्चा मासा कसा पाठवायचा, म्हणून आईनं तो मसाला लावून खरपूस तळला होता. वर कांदा, लिंबूसुद्धा! आणि घरचा डबा दिसला की तो उघडायचा, एवढंच आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक.

"अहो सर, तो नमुना होता!" मी किंचाळले.

सर हातातल्या काट्याकडं बघत राहिले. "याला थोडं मांस आहे अजून. चालेल."

"आणि निकालात सरच निघाले तर?" मैत्रीण म्हणाली. आम्ही असे सुटलो हसत, की सरांना ठसका लागला. काट्यावरची लाळ स्वच्छ धुऊन मी तो चिमट्यानं कुपीत टाकला.

निकाल आला. मरळ! अस्सल मरळ! घरी येताना मी रिक्षावाल्यालाही सांगितलं. त्यानं विचारलं नव्हतं.

आई पदरात तोंड घालून ढसाढसा रडली. मग एकदम थांबली.

"सरांनी समदी संपवली?"

"काटासुद्धा सोडत नव्हते, आई."

"व्हय?" म्हणाली, आणि डोळे पुसत शेगडी पेटवायला उठली.