पिवळी पिशवी
थर्माकोलच्या डब्याचं झाकण किरकिरलं की मला ती दुपार आठवते. अक्काला डेंगी झाला होता, हिरड्यांतलं रक्त थांबत नव्हतं, आणि मी प्लेटलेट्स आणायला येलहंकाला गेलो होतो. रक्तच ते, पण पिशवीत पिवळट, ताकाच्या निवळीसारखं दिसत होतं. ब्लड बँकेतल्या बाईंनी बजावलं, "बर्फ लावू नका अण्णा, नुसती हळूहळू हलवत राहा." मी मान डोलावली. पण रिंग रोडवर ऑटो तासभर अडकला, मांडीवर ऊन आलं, पिशवी हाताला कोमट लागली. आमच्या घरात जपायचं म्हणजे गार ठेवायचं, दूध असो की औषध. शेवटी रस्त्याकडेच्या रसवाल्याला कानडीत "स्वल्प ऐस कोडी", थोडा बर्फ द्या, म्हणालो आणि डबा बर्फाने भरला. महादेवपुऱ्याच्या हॉस्पिटलात नर्सने झाकण उघडलं, पिशवीला हात लावला. "बर्फानं खराब झाली, ही आता चढवता येणार नाही." दुसरी संध्याकाळी येणार होती. अक्का दुपारीच गेली. आईला मी हे अजून सांगितलेलं नाही. ती आल्यागेल्याला सांगते, "पोरानं उन्हातान्हातून, बर्फात जपून आणलं होतं हो तिच्यासाठी रक्त."