चाचांनी राखलेली जागा

मोकळ्या जागेवर आमच्या चाचांइतका जीव असलेला माणूस उभ्या रत्नागिरी जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. चाचा मूळचे पूर्णगडचे. बरीच वर्षं आखातात कॉम्प्युटरवर काम करून ते परतले आणि दोन हजार सालाच्या सुमारास आमच्या खासगी रुग्णालयात लागले. मी तिथे केसपेपरच्या खिडकीवर होते. वहीत दर नावाखाली ते दोन ओळी कोऱ्या सोडत. लग्नाच्या पंगतीत शेजारचं पान रिकामं ठेवायला लावत, "कोणी उशिरा आलं तर?" म्हणून. एकदा खुद्द नवऱ्या मुलाचे वडीलच त्या पानावर जेवले, तेव्हा चाचा आठवडाभर खुशीत होते.

रुग्णांच्या नोंदींसाठी त्यांनी डिस्कवर सुरुवातीलाच मोठी सलग जागा राखली होती आणि नावं शोधायची सूची वेगळ्या डिस्कवर ठेवली होती. पेशंटचं गाव सांगून होईतो त्याचा जुना नंबर माझ्यासमोर हजर असे.

मग नवे व्यवस्थापक आले. "अर्धी डिस्क रिकामीच? लागेल तशी जागा घ्या," ते म्हणाले आणि दुसरी डिस्क त्यांनी दुसऱ्या विभागाला देऊन टाकली.

"साहेब, तसं केलं तर नोंदींचे तुकडे पडतील," चाचा म्हणाले. "मशीन सारखं काम थांबवून नवी जागा घेत बसेल. शोधतानाही इथनं तिथं धावेल."

साहेबांनी ऐकलं नाही. चाचांना साहेबांच्या हुकमाप्रमाणे करावं लागलं.

पावसाळ्यात तापाची साथ आली आणि एकेक नाव सापडायला मिनिटं लागू लागली. रांग फाटकापर्यंत गेली. एक म्हातारी चक्कर येऊन पडली. चाचांनी तिला उचलून खुर्चीवर बसवलं, तर तिचा मुलगा त्यांच्यावरच ओरडला. चाचांनी तिला पाणी आणून दिलं. संध्याकाळी मला म्हणाले, "बाय, रविवारी येशील? नोंदी मोजायला कोणीतरी हवं."

रविवारी खिडकी बंद असे. चाचांनी सगळ्या नोंदी बाहेर काढल्या, पुन्हा सलग जागा घेतली आणि त्या परत भरल्या. मी आकडे जुळवले. सोमवारी रांग दुपारपर्यंत संपली.

मंगळवारी आम्हा दोघांना बोलावणं आलं. परवानगीशिवाय कॉम्प्युटर बंद ठेवला, असा चाचांवर ठपका होता. "तुम्ही होतात यांच्याबरोबर?" साहेबांनी मला विचारलं. घर माझ्या एकटीच्या नोकरीवर चालत होतं. मी "नाही" म्हणाले.

"मी एकटाच होतो," शेजारी उभे असलेले चाचा म्हणाले.

त्याच आठवड्यात त्यांना घरी पाठवलं. त्यांनी रविवारी लावलेली घडी मात्र पुढे कोणी मोडली नाही. वर्षानुवर्षं मी त्यावरच काम केलं.

चाचा गेल्याचं कळलं तेव्हा मी पूर्णगडला गेले. केसपेपरच्या खिडकीवरची, असं सांगताच चाचींचा चेहरा खुलला. "म्हणजे रविवारची ती! सगळ्यांना सांगायचे, एका पोरीनं सुट्टी मोडून मला साथ दिली."

मला राहवलं नाही. मंगळवारी मी काय बोलले, ते सगळं सांगून टाकलं.

"तेही सांगितलेलं त्यांनी," चाची म्हणाल्या आणि माझ्या बशीत आणखी एक सांदण ठेवलं.