आत्या आणि गावाची धुराडी

आमच्या आत्यानं चुडाव्यातली जेवढी माळवदं पालथी घातली, तेवढी तिथल्या माकडांनीही घातली नसतील. सरकारी निर्धूर चुली गावोगाव आल्या, बसवणारे निघून गेले, आणि त्यांची धुराडी साफ करायचा मक्ता कुणी न देताच आत्यानं घेतला. कासोटा खोचून, दोरीला बाभळीच्या काटक्यांची जुडी बांधून ती कुणाच्याही घरावर चढायची. विचारायची पद्धत नव्हती. एकदा सरपंचांकडं पंगत बसलेली असताना चुलीच्या तोंडातून काजळीचा लोट उसळला आणि थेट वरणात बसला. सरपंच अंगणात येऊन ओरडले, तर वरून आत्या म्हणाली, "वरडता काय? तुमचाच माल हाय, वापस केलाय!" परगावीही तेच. सोनपेठला चुलतभावासाठी मुलगी बघायला गेलो, तर ही पोह्यांची बशी घेऊन स्वयंपाकघरात. बाहेर येऊन भर बैठकीत म्हणाली, "पोरगी चांगली हाय, धुराडं तुंबलंय. आधी ते खरडा, मग सुपारी फोडू."

माझी मुलगी पालमला, बायकोच्या माहेरी जन्मली. ऐन थंडीत आत्याला घेऊन मी एस.टी.नं तिथं गेलो. बाळंतिणीच्या खोलीचं दार बंद, खिडकीच्या फटींत चिंध्या, छतातल्या धूर जायच्या भोकावर गोणपाट, आणि बाजेखाली कोळशाची शेगडी. धूर दिसत नव्हता, म्हणून घर निर्धास्त. बायको म्हणाली, "डोकं लय दुखायलंय," आणि पुढचं तिला सुचेना. बाळ तर रडतही नव्हतं. आत्यानं बाळ माझ्या हातात कोंबलं, बायकोला काखेत धरून अंगणात आणलं आणि परत जाऊन शेगडी बाहेर भिरकावली.

सासूबाई किंचाळल्या, "अवो, वारं बाधंल लेकराला!"

"वारं बाधलं तर काढा पाजते, विहीणबाई. कोळशाची हवा बाधली तर काय पाजू?"

थोड्या वेळानं मुलगी अशी टाहो फोडून रडली की शेजारीपाजारी गोळा झाले. डॉक्टरांनी येऊन दोघी ठीक असल्याचं सांगितलं. सासूबाई गोणपाट काढायला स्वतःच शिडी शोधू लागल्या.

मी आत्याला शोधत गोठ्यामागं गेलो. ती कडब्याच्या पेंढीवर बसली होती. बशीतला चहा लुगड्यावर सांडत होता. मी बशी धरून तिच्या तोंडाला लावली.

"कुनाला सांगू नको," ती म्हणाली. "लय भ्याले व्हते."

आत्या जाऊन बरीच वर्षं झाली. परवा मुलीनं विचारलं, ही आजी होती तरी कशी? सरपंचांच्या वरणाचा किस्सा सांगितला, ती पोट धरून हसली. गोठ्यामागचं सांगायला गेलो, आणि सरपंचांचं वरणच पुन्हा सांगत बसलो.