पोशेऱ्याला उजेड नेताना, ऊन वगळून

माझा साडू शिरीष इंजिनीअर आहे, म्हणजे कुठलीही गोष्ट आहे तशी त्याला बघवत नाही. मार्चअखेर त्याचा फोन आला. "शास्त्रीबुवा, मोखाड्याला चला. एका अंगणवाडीच्या छपराचं काम आहे."

जन्मभर संस्कृत शिकवलेल्या माणसाचा छपराशी काय संबंध, असं मी विचारलं.

"संबंध नाही, पण मागच्या सीटवर तावदानं आहेत. ती धरायला कोणीतरी हवंय."

पोशेऱ्याच्या अलीकडच्या एका पाड्यावर ही एका खोलीची अंगणवाडी आहे. छप्पर पत्र्याचं. पत्रा तापू नये म्हणून लोकांनी वर गवताचा जाड थर घातलाय, त्यामुळे खोली गार, पण काळोखी. वीज आली तर आली. उजेडासाठी मग छपरात दोन पारदर्शक पत्रे बसवले, तर अकरा वाजताच खाली भट्टी पेटायची. पत्रे झाकले की पोरं अंधाराला भिऊन रडायची आणि उघडले की उन्हाला कंटाळून घरी पळायची. पर्यवेक्षिकाबाईंनी बजावलं होतं, मुलं थांबत नसतील तर अंगणवाडी ओढ्यापलीकडच्या गावाला जोडू. पावसाळ्यात तीन वर्षांचं पोर ओढा ओलांडून जाणार नाही, हे न सांगता सगळ्यांना कळत होतं. बाई गुरुवारी पाहायला येणार होत्या. आम्ही बुधवारी पहाटे नाशिक सोडलं.

शिरीषचा उपाय म्हणजे सिलिका एरोजेलचे दाणे. सिलिका ही आपली वाळूच. तिची ओली जेली करायची आणि आतला सांगाडा ढासळू न देता द्रव तेवढा काढून घ्यायचा. उरते ती जवळजवळ नुसती हवा, तीही इतक्या बारीक छिद्रांत कोंडलेली की तिला हलायला वाव नाही. म्हणून उष्णता फारशी पुढे सरकत नाही, उजेड मात्र पाझरतो. दिसायला निळसर झाक असलेला साबुदाणा, हातात घेतला तर काही घेतल्यासारखं वाटत नाही. वैशेषिक तत्त्वज्ञांनी अभावाला पदार्थांच्या यादीत जागा दिली तेव्हा बरेच वाद झाले. शिरीषने तो पोत्यात भरून आणला आणि पावतीही घेतली.

हे दाणे त्याने दुहेरी प्लास्टिकच्या दोन तावदानांत काठोकाठ भरून, कडा चिकटपट्टीने बंद केल्या होत्या. त्र्यंबकला पेट्रोल भरा, चहा तिथेच प्या, आणि तोरंगणचा घाट सावकाश उतरा. या दिवसांत धबधब्यांच्या जागी नुसते काळे कातळ दिसतात, पण मोहाखाली फुलं वेचणाऱ्या बायका दिसतात आणि तो वास गाडीच्या काचा लावल्या तरी आत येतो. मोखाड्यात नागलीची भाकरी, उडदाची आमटी आणि ठेचा मिळाला. दोघांचे दोनशे रुपये झाले. पुढचा रस्ता, वेदान्ताच्या भाषेत सांगायचं तर, व्यावहारिक पातळीवर आहे, पारमार्थिक पातळीवर नाही.

त्याचा प्रत्यय पाड्यावर आला. तावदानं उतरवली, तर दोन्हींचा वरचा चार बोटं भाग रिकामा! गाडी धक्के खात आली आणि दाणे खाली बसले. त्या रिकाम्या पट्टीतून ऊन सरळ आत येणार. शिरीषने वरची कड उघडली, जादाच्या पिशवीतले दाणे ओतले आणि तो ते लाकडी पट्टीने कोंबायला लागला. आत कुरकुर वाजलं आणि पांढरा धुरळा उडाला.

"काय पीठ करता काय, भाऊ?" मदतनीस मंजुळाबाई दारातून म्हणाल्या. "कनगी भरताना कोन काठी घालतो?"

कणगी म्हणजे बांबूची, शेणाने लिंपलेली धान्याची कोठी. दरवर्षी भात आणि नागली भरणाऱ्या बाईने तावदान भिंतीला उभं केलं आणि बाळाला थोपटावं तसं चारी बाजूंनी थोपटलं. दाणे खाली गेले. वरून ओतले, पुन्हा थोपटलं.

"आता उभाच ऱ्हाऊ द्या. सकाळी आजूक बसंल."

"मावशी, उद्या बाई येणार आहेत. वेळ नाही."

"त मग दान्याला सांगा तसा."

मी मनातल्या मनात दंडवत घातला. मुक्काम जव्हारला केला, संध्याकाळी शिरपामाळावर वारा खाल्ला. शिरीष मात्र तिथेही उरलेल्या दाण्यांचाच हिशेब लावत होता.

सकाळी पाहिलं तर दाणे आणखी दोन बोटं बसले होते. पिशवी झटकून शेवटची मूठ घातली आणि ती पुरली. सेविका चंद्राताईंचे यजमान छपरावर चढून पारदर्शक पत्र्यांच्या जागी तावदानं बसवत होते, तेवढ्यात शिरीषने पोरांपुढे पाण्याच्या वाटीत खाली सांडलेले चार दाणे टाकले. ते तरंगले. काढले तर कोरडे.

"वलाच नाय होत!" एक पोरगी ओरडली.

"तुमच्या शिरीषभाऊंसारखा," चंद्राताई मला म्हणाल्या, "किती सांगा, आत काय जात नाय."

बाई बाराला आल्या. खोलीत दुधासारखा, सावली न पाडणारा उजेड होता. त्यांनी तावदानाखाली हात धरला, चटका लागेना. मग त्या पोरांच्या रांगेत बसल्या. खिचडी झाली, गाणं झालं, तरी कोणी पळालं नाही.

"आज पाहुणे आहेत म्हणून थांबली असतील," बाई उठत म्हणाल्या. "मे महिन्यात न सांगता येईन. तेव्हा ठरवू."

घरी आल्यावर लोक विचारतात, आमच्या गच्चीला हे चालेल का? चालेल, पण महाग आहे. नुसता गारवा हवा असेल तर पाड्यावरचं गवत तेच काम स्वस्तात करतं, फक्त दरवर्षी बदलावं लागतं. उजेड हवा आणि ताप नको, तिथे मात्र हे दाणे घ्या. भरताना नाकाला फडकं बांधा आणि हाताला नंतर खोबरेल लावा, कातडी फार कोरडी पडते. आणि घाईत असाल तर भरायलाच बसू नका. हे शेवटचं कुठल्याही माहितीपत्रकात नाही.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात न राहवून मीच फोन लावला. चंद्राताई कुजबुजत बोलत होत्या. बाई आदल्या दिवशी भर दुपारी येऊन गेल्या, वहीत 'येथेच चालू ठेवावी' असं लिहून गेल्या.

"वा! मुलं किती आहेत आज?" मी आनंदाने जवळजवळ ओरडलोच.

"अकरा. नऊ झोपलीत. हळू बोला ना, सर."

मी हळू बोललो.