कंपनी खरी, शेअर खोटे

लातूरच्या एका शेअर सल्लागाराने नांदेड-लातूरकडच्या एकतीस निवृत्त माणसांना फसवले. नांदेडमधल्या एका खासगी संस्थेच्या अध्यक्षाने त्याला सभागृह दिले, व्यासपीठ दिले आणि वर स्वतःचा शब्दही दिला. हे सुरुवातीलाच लिहून टाकतो, कारण अशी गोष्ट रंगवून सांगितली की ऐकणारा शेवटी फसलेल्यालाच मूर्ख ठरवून मोकळा होतो. नोकरीत मी याहून मोठे गुन्हे पाहिले, खून पाहिले. त्यातले बरेच विसरलो. हे प्रकरण मात्र आजही जेवताना आठवते आणि घास कडू होतो.

तेव्हा मी नांदेडला आर्थिक गुन्हे शाखेत निरीक्षक होतो. शिपाई म्हणून भरती झालो आणि खात्याच्या परीक्षा देत वर आलो. वडील उदगीरकडच्या बैलबाजारात दलाल होते, त्यामुळे भाव करणे मी पाढ्यांच्या आधी शिकलो.

त्या वर्षी एका सोशल मीडिया कंपनीचे शेअर पहिल्यांदाच बाजारात येणार होते. तिचे ॲप घराघरात होते. सलूनमध्ये, बँकेच्या रांगेत, आमच्या कचेरीतही एकच प्रश्न चालायचा : घ्यावे का? मीही अर्ज भरायच्या विचारात होतो. बायकोने विचारले, "आपण तर फुकट बघतो. मग त्येनला पैसे कोण देतंय?" जाहिरातवाले, असे मी म्हणालो. "किती देत्यात?" ते मला माहीत नव्हते. चिडून मी कागद बाजूला ठेवला.

त्याच आठवड्यात चाकूरहून माझा मेहुणा आला. निवृत्त ग्रामसेवक. चहा पिता पिता म्हणाला, "दाजी, त्या कंपनीचे शेअर मी बाजारात यायच्या आधीच घेतले. राखीव कोट्यातले. लातूरचा सल्लागार हाय, नांदेडात सभा घेतली त्येनं. अन् भाव लई पाडून घेतला त्येच्याकडनं! फकस्त कुणाला सांगू नका म्हनलाय."

मी कप खाली ठेवला. "शेअर काय बैल हाय का रे, भाव पाडायला?"

नव्या शेअरचा अर्ज भरताना किंमत छापलेली असते. दुकानदाराला आणि कलेक्टरला ती सारखीच. कोणी आपल्यापुरती कमी करून देत असेल, तर विकायला त्याच्याकडे मालच नाही. त्याच दिवशी मी वरिष्ठांना कळवून प्राथमिक चौकशी सुरू केली.

चौकशीत पहिले नाव आले ते किनवटच्या एका गुरुजींचे. निवासी शाळेच्या वसतिगृहाचे अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले. जंगलातल्या गावांतली मुले त्यांनी तीस वर्षे सांभाळली. त्यातली कितीतरी नोकरीला लागली, तरी त्यांच्यासाठी गुरुजी म्हणतील ती पूर्व दिशा. अध्यक्षांच्या सभागृहातल्या त्या सभेला त्यांनी अकरा निवृत्त शिक्षकांना नेले होते आणि अकराही जणांनी पैसे गुंतवले होते. आता सल्लागार फोन उचलत नव्हता आणि हे शिक्षक गुरुजींच्या दारात उभे राहून त्यांनाच बोल लावत होते.

माझा हवालदार म्हणाला, "साहेब, ह्योच एजंट. अकरा बकरे आणून दिले, कमिशन मिळालंच असंल."

गुरुजींना समोर बसवले. "तुम्हाला यात काय मिळालं?"

"चहा मिळाला साहेब. आणि एक पिशवी."

मला वाटले, म्हातारा माझी थट्टा करतोय. आवाज चढला. कोणत्या भावाने घेतले विचारले, तर म्हणाले, "सांगणार नाही असा शब्द दिलाय." मी टेबलावर हात आपटला आणि त्या रागातच टिपण लिहिले : 'सदर इसम दलाल असल्याचा दाट संशय.' त्या एका ओळीकडे पुन्हा येतो.

दुसऱ्या दिवशी अकरा शिक्षकांना बोलावले, गुरुजींनाही. कोणी तक्रार देईना. भाव विचारला की सगळे खाली बघत. शेवटी देगलूरकडचे एक मास्तर कुरकुरले, "साहेब, केलेला सौदा असा चारचौघांत सांगत्यात का?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे बैलाचा भाव रुमालाखाली हात घालून, बोटे दाबून ठरतो. शेजारी उभ्या असलेल्या सख्ख्या भावालाही तो कळत नाही. मी खिशातली दस्ती काढली आणि हातावर टाकली. "या एकेकानं. तोंडानं सांगू नका."

मास्तर लोक हसले, पण आले. शेतकऱ्यांचीच पोरे ती, बोटांची भाषा बहुतेकांना येत होती. ज्यांना येत नव्हती ते कानात पुटपुटले. अकरा जणांचे अकरा भाव निघाले.

गुरुजींची पाळी आली. त्यांनी कधी बैल विकत घेतला नव्हता. ते गोंधळले, आणि काल माझ्यापुढे धरून ठेवलेला शब्द सोडून त्यांनी भाव मोठ्याने सांगून टाकला. अकराही जणांपेक्षा तो जास्त होता.

"गुरुजी, तुमी पाडून न्हाई घेतला?" देगलूरच्या मास्तरांनी विचारले.

"छापील किंमत होती ना? त्यात कशी घासाघीस करायची?"

खोलीत आधी कोणीतरी फिसकन हसले. मग एक जण दुसऱ्याला म्हणाला, "थांब, तुला कितीला दिला?" दोन मिनिटांत गलका झाला. "मला म्हनला, फकस्त तुमालाच देऊन राहिलो!" "अन् मला आईची शपथ घातली की रे!" पैसे बुडाल्यावर गप्प बसलेली माणसे, शेजाऱ्याला स्वस्त मिळाले म्हणताच सही करायला धावली. संध्याकाळपर्यंत गुन्हा दाखल झाला. आणि मला हेही कळले की गुरुजी दलाल नव्हते. भाव पडतो हे दलालाला माहीत असते.

सल्लागाराला लातुरात उचलले. पंचांसमोर झडती घेतली. छापील प्रमाणपत्रांचे गठ्ठे मिळाले, शेअर एकही नाही. चौकशीत तो शांत होता. म्हणाला, "साहेब, मी भाव कुठं कमी करत होतो? तेच पाडत होते. आणि आपण पाडून घेतलेला माल खोटा असेल, असं कुणालाच वाटत नाही."

मी त्याला सुनावणार होतो. पण मीही तसाच होतो, भाव पाडला की जिंकलो असे मानणारा.

त्याच्या बँक खात्यातून अध्यक्षांच्या संस्थेला 'देणगी' गेलेली सापडली. सभेत अध्यक्षांनी सांगितले होते, "मी स्वतः घेतलेत." तपासात दिसले की एकही घेतला नव्हता. मी त्यांचे नाव आरोपी म्हणून केस डायरीत लिहिले. गुरुजींबद्दलचा संशय मागे घेत असल्याची स्वतंत्र नोंदही केली, कारणांसह. त्यानंतर बाराव्या दिवशी माझी बदली झाली.

दोषारोपपत्र पुढे दुसऱ्याने दाखल केले. त्यात अध्यक्ष साक्षीदार आणि गुरुजी आरोपी क्रमांक दोन. आधार माझ्याच त्या रागाच्या ओळीचा. नंतरची नोंद कुठेच नाही. साक्षीदारांच्या यादीत माझे नावही नाही.

लोक अजून विचारतात, साहेब, अमुक कंपनीचे शेअर येतायत, घ्यावे का? मी सांगतो : कंपनी पैसे कशातून कमावते ते समजत असेल तर घ्या, नसेल समजत तर सोडा. आणि किंमत फक्त तुमच्यासाठी कमी होतेय असे दिसले, तर चहासुद्धा न पिता उठा. मला स्वतःला यातून आणखी एक कळले. पोलिसाचा राग घरी गेल्यावर निवतो, कागदावरचा निवत नाही.

गुरुजी आजही किनवटहून रेल्वेने तारखेला येतात. मागच्या तारखेला भेटले. पाया पडायला येणारे त्यांचे जुने विद्यार्थी आता येत नाहीत, असे म्हणाले. मला मात्र त्यांनी एका शब्दानेही बोल लावला नाही. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

रागात लिहिलेल्या ओळीचा जाब द्यायला मी तयार आहे. मला न्यायालयात बोलवा, शपथेवर सांगतो की चूक माझी होती. पण माझी दुसरी नोंद कोणी काढली? अध्यक्षांचे नाव आरोपींतून साक्षीदारांत कोणाच्या फोनवरून गेले? ज्याने ते केले त्याला मी ओळखतो, आणि हे तो वाचतोय हेही मला माहीत आहे. गुरुजींच्या पुढच्या तारखेच्या आत त्याने उत्तर द्यावे.