नाल्याच्या तोंडाशी सापडलेली चादर

ती केस आठवली की आजही माझं मन थाऱ्यावर राहत नाही.

नव्वदच्या दशकातला जून महिना होता. वडील हवाई दलात असल्यामुळे माझं शिक्षण लखनौत झालं आणि नोकरीही उत्तर प्रदेश पोलिसांत लागली. निशातगंजजवळच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. हद्दीत गोमतीकाठी धोबीघाट होता. चिकनचं भरतकाम पुरं झालं की कापडावरची छापाची निळी रेघ काढायला ते तिथे धुवायला येई. घाटाच्या वरच्या अंगाला एका कारखान्याचा नाला नदीला मिळत होता. त्या पाण्याने कपड्यांवर पिवळे डाग पडत, धुणाऱ्यांच्या हातांना फोड येत. शेवटी घाटावरच्या लोकांनी धरणं धरलं.

त्यांची पुढारी एक शाळामास्तरीण होती. तिने लोकांना हाताशी धरून काठावर तीन खड्डे खणले, त्यांत पाणकणसाचं उंच गवत लावलं आणि नाल्याचं थोडं पाणी त्यांतून फिरवून नितळ करून दाखवलं. नुसत्या फावड्यांनी हे जमतं, तर कारखान्याला का जमू नये, असं लोक विचारू लागले. धरण्याहूनही तो प्रश्न कारखान्याला जास्त झोंबला असावा.

एके सकाळी कारखान्यातून फोन आला. कोणीतरी नाल्याचं तोंड बुजवलं होतं. पाणी मागे फिरून फाटकाजवळची भिंत कोसळली आणि पहारेकऱ्याचा पाय चिरडला. पंचनाम्यात जुन्या चादरींत वाळू भरून बांधलेली गाठोडी मिळाली. एका चादरीच्या कोपऱ्यावर बिब्ब्याने केलेली धोब्याची खूण होती. तासाभरात आमचा नेहमीचा खबऱ्या आपण होऊन हजर झाला आणि धरण्यात सगळ्यांत पुढे बसणाऱ्या म्हाताऱ्या धोब्याचं नाव घेऊन गेला. न बोलावता आलेल्या खबऱ्याला आधी बसवून चार प्रश्न विचारावेत, हे शहाणपण मला नंतर सुचलं.

दुपारी म्हाताऱ्याला आणलं. सोड्याने बोटं चिरलेली, पाठ वाकलेली. मी चादर पुढे टाकून विचारलं, ही खूण कोणाची?

"हुज़ूर, निशान तो हमारा ही है," तो म्हणाला.

चादर नाल्यात कशी गेली, हे त्याला माहीत नव्हतं. दोन तास उलटसुलट विचारूनही उत्तर बदललं नाही. मुन्शीने लिहिलं, आरोपीने मुद्देमाल ओळखला. मी सही केली. वरून फोनवर फोन येत होते. पहारेकऱ्याचा पाय कापावा लागेल असं इस्पितळातून कळलं होतं. खरं सांगायचं तर मलाही आरोपी हवाच होता.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याला कोर्टात उभं करायचं होतं. रिमांड मिळणार याची खात्री होती, तरी रात्री मी तो जबाब पुन्हा काढून वाचला. सराईत गुन्हेगार आधी नाकारतो. हा माणूस खूण आपली म्हणाला होता, आणि कोठडीत बसून फक्त खोकत होता.

सकाळी महानगर भागातल्या माझ्या क्वार्टरमध्ये चहा घेत होतो. बायको धुऊन आलेले कपडे मोजून ठेवत होती.

"अहो, आपल्या धोबीभैयाने परत गोंधळ घातला. ही चादर आपली नाही. आपल्या कपड्यांवर दोन ठिपके असतात, हिच्यावर रेघ आहे. समोरच्या वहिनींची असणार."

"म्हणजे खूण धोब्याची नसते?"

"खूण त्याचीच, पण घराघराची वेगळी. नाहीतर कोणाचं काय, हे त्याला कळणार कसं?"

चहा तसाच टाकून मी ठाण्यात गेलो. इतक्या वर्षांच्या नोकरीत हा साधा प्रश्न मला सुचू नये, याची लाज वाटत होती. म्हाताऱ्याला विचारलं, ही चादर कोणत्या घरची?

त्याने मान खाली घातली. "घर का कपड़ा है, हुज़ूर. नाम कैसे ले लें?"

धोब्यांचा रिवाजच तसा. कोणाच्या घरी आजार आहे, कोणाच्या घरी भांडण, कोण दारू पितो, हे सगळं धोब्याला कपड्यांवरून कळतं, आणि म्हणूनच तो कुठे बोलत नाही. मी समजावलं, मग आवाज चढवला. घड्याळ पुढे सरकत होतं. सरतेशेवटी ठाण्याच्या अंगणात घाटावरच्या बायकांसोबत येऊन बसलेल्या मास्तरीणबाईंना आत बोलावलं. त्या म्हाताऱ्याशेजारी जमिनीवर बसल्या.

"चाचा, काठावर कारखान्याचा ट्रॅक्टर उभा आहे," त्या हिंदीतून म्हणाल्या. "तुम्ही तुरुंगात गेलात की आज संध्याकाळी खड्डे बुजवतील."

 मग कारखान्याच्या गेस्ट हाऊसचं नाव म्हाताऱ्याने इतक्या हळू घेतलं, की मला पुन्हा विचारावं लागलं.

गेस्ट हाऊसच्या कपाटात त्याच खुणेच्या चादरींची चळत मिळाली. जुन्या चादरी सुरक्षा सुपरवायझर घेऊन गेला, असं खानसाम्याने सांगितलं. गाठोडं दिसलं की पोलीस धोब्यांवर जातील आणि धरणं मोडेल, हा सुपरवायझरचा हिशेब. कोपऱ्यावरची खूण त्याने पाहिलीच नव्हती. संध्याकाळपर्यंत सुपरवायझर बोलता झाला, खबऱ्याला कोणी पाठवलं तेही कळलं. भिंत पडेल असं त्याला वाटलं नव्हतं म्हणे.

म्हाताऱ्याला मी कोर्टात न नेता दुपारीच सोडलं होतं, ट्रॅक्टरही परत गेला. वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली. केस डायरीत मी लिहिलं होतं, 'साक्षीदाराने स्वेच्छेने माहिती दिली.'

आरोपी काय लपवतो, हे शोधायला आम्हाला शिकवतात. साक्षीदार बोलला तर त्याचं काय जाईल, हे विचारायला मला त्या केसने शिकवलं. पण तेव्हा उशीर झाला होता. दोन महिन्यांनी घाटावर गेलो, तेव्हा म्हातारा खड्ड्यांतलं पाणकणीस छाटत होता. मी कामाचं विचारलं. गेस्ट हाऊसचं गिऱ्हाईक गेलं, ते जाणारच होतं. पण घराचं नाव ठाण्यात सांगणाऱ्याकडे आता आसपासच्या कॉलनीतलं कोणीच कपडे देत नव्हतं. शेवटच्या खड्ड्यातलं पाणी चांगलं निवळलं होतं. बाकीचे धोबी त्यात कपडे खळबळून काढत होते, आणि म्हाताऱ्याचा धुण्याचा दगड कोरडा पडला होता.