अडलेली आयत

निम्मं कुराण पाठ असलेला माणूस अल्लाहवर रुसू शकतो का? मी रुसलो होतो. शिरोळकडच्या आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी, आणि मदरसा अर्ध्यावर सोडून आलेलाही मीच.

सगळं कुराण पाठ असलेल्या हाफिजाच्या बापाला मशिदीत पुढच्या रांगेत बसवतात. त्या मानापायी अब्बांनी मला लहानपणीच कोल्हापूरच्या मदरशात ठेवलं. तिथले उस्ताद उत्तरेकडचे. आमचं हाय-न्हाय त्यांना खपत नसे. "घर की बोली दरवाज़े के बाहर," म्हणायचे. पोरं मला 'ऊसवाला' म्हणून चिडवायची. कुराणातली आयत, म्हणजे ओळ, पाठ म्हणताना कुणी अडलं की पुढचा शब्द सुचवतात, त्याला लुकमा म्हणतात. लुकमा म्हणजे घास. आमचे उस्ताद हा घास छडीसोबत भरवायचे, बोटांच्या पेरांवर. चूक आयतीची की कोल्हापुरी जिभेची, हे त्यांनी कधी बघितलं नाही. शेवटी मी शाळेची वाट धरली, पुढं कॉलेजची. अब्बांनी बोलणं टाकलं.

स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी अब्बांनी अंथरूण धरलं. शेवट दिसू लागला तशी गल्लीतली माणसं यासीन, मरणाऱ्याच्या उशाशी म्हणतात तो कुराणातला अध्याय, म्हणायला मौलवी आणायला निघाली. अब्बांनी हात हलवला. "दुसरं कुनी नगं. माझा पोरगा हाय की."

"बी.ए.ला यासीन येतीय व्हय?" चुलता दारातून बोलला.

मी उशाशी बसून सुरुवात केली. निम्म्याच्या पुढं एक आयत आहे, ती शब्दाला शब्द कुराणाच्या दुसऱ्या अध्यायांतही येते. तिथं जीभ भलत्या वाटेला लागली आणि मी थांबलो. लुकमा द्यायला तिथं दुसऱ्या कुणाला पाठ नव्हतं. अब्बांचे डोळे माझ्यावर. मनात एवढंच म्हटलं, या अल्लाह, आता तूच दे.

उजव्या हाताची पेरं झणझणली. ज्या आवाजाचा मी आयुष्यभर तिटकारा केला, तोच कानाशी आला, तसाच खेकसत, आणि पुढचा शब्द देऊन गेला. मी शेवटपर्यंत म्हटलं.

"ब्येस," अब्बा म्हणाले. दुपारी ते गेले.

दफनाहून परतताना लोक म्हणाले, उस्तादांचे उपकार. मी ते मानत नाही. त्या छडीला मी आजही माफ केलेलं नाही. पण घास धाडणाऱ्यासमोर माझा ताठा चालला नाही. मागितलं मी होतं. कुणाच्या हातून द्यायचं ते त्यानं ठरवलं. आता दुआला हात उचलतो तेव्हा पेरं दुखतात. दुखू देत. याच हातांत त्यानं तो घास घातला.